लेंटमधली पेटी

कन्हानात राखेचं कुणाला नवल नाही. गावाला लागून कोळशाच्या खाणी, थोड्या अंतरावर कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं. दोरीवर वाळत घातलेली चादर झटकल्याशिवाय घरात आणायची नाही, हे इथल्या पोरीबाळींना शिकवावं लागत नाही. २०२२च्या जुलैत खसाळ्याला राखेच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हा ती राख कोलार नदीतून वाहत कन्हान नदीपर्यंत आली होती. अशा गावात राखेच्या बुधवारी पाळकसाहेब बोट राखेत टेकवून एकेकाच्या कपाळावर क्रूस काढतात. मी खाणीच्या कार्यालयात कारकून होतो तेव्हा सकाळची उपासना आटोपून तसाच कामावर जात असे. शेजारच्या टेबलावरचा माणूस अर्धवट वर पाहून म्हणे, "काय भाऊ, आज तुमालेच खदानीत उतरवलं का?"

ती राख कुठून येते हे त्याला सांगायचं राहून गेलं. ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारसाठी आमच्याकडे शिंदीच्या फांद्या तोडून आणतात. होसान्ना म्हणत त्या हलवून झाल्या की घरोघरी तसबिरीमागे खोचल्या जातात, वर्षभर तिथेच वाळतात, आणि पुढचा लेंट तोंडावर आला की गोळा करून पत्र्याच्या डब्यात जाळल्या जातात. गेल्या साली ज्या गाण्यावर सगळ्यांत मोठा गलका केला, त्याचीच राख यंदा कपाळाला लागते. ही योजना ज्या कुणी केली त्याला गाणाऱ्या माणसांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा.

लेंट म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे उपवासाचे चाळीस दिवस. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजाल तर शेहेचाळीस भरतात, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपाशी राहायचं नाही. विदर्भात हे दिवस पळस फुलण्यापासून मोह गळण्यापर्यंतचे. थंडी संपलेली असते, कूलरला नवीन वाळा भरायचा असतो, पोरांच्या परीक्षा असतात, आणि मध्येच होळी येऊन जाते. २०२५ साली तर राखेचा बुधवार ५ मार्चला आला आणि रोजे त्याच आठवड्यात, २ मार्चला सुरू झाले. नदीच्या पलीकडे कामठीत पहाटे सहरीसाठी माणसं उठायची आणि अलीकडे आमच्यातली काही म्हातारी मंडळी पहाटेच्या प्रार्थनेला. दोन्हीकडच्या दिव्यांची वेळ जवळपास एकच होती. माझा एक विणकर मित्र इफ्तारच्या वेळी मला खजूर देताना म्हणाला, "तुमचा उपवास सोपा आहे, पाणी तरी चालतं." मी कबूल केलं. आमच्या उपवासात इतकं काही चालतं, की काय सोडायचं हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं. कुणी मटण सोडतो, कुणी चहा, कुणी रात्रीच्या मालिका. आमच्यातला एक जण दर लेंटला खर्रा सोडतो. पहिले दोन आठवडे तो सगळ्यांवर डाफरतो. तिसऱ्या आठवड्यापासून त्याचा आवाज सुटायला लागतो, आणि झावळ्यांच्या रविवारपर्यंत त्याचा वरचा षड्ज स्वच्छ लागतो. ही वाढ आत्म्याची की घशाची, यावर मंडळीत दोन मतं आहेत. ईस्टरनंतरच्या सोमवारी तो पानठेल्यावर उभा असतो, तेव्हा दुसऱ्या मताचा पक्ष जोरात येतो.

मी पेटी वाजवतो. पेटीवाल्याने काय सोडायचं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नव्हता. पेटी मोठ्याने वाजवणं हीच सेवा, असं मी धरून चाललो होतो. आमच्याकडे एक आजी आहेत; त्या डोळे मिटूनच गातात आणि डोळे मिटूनच टोकतात. एका लेंटमध्ये कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये प्रार्थना चालू असताना त्या म्हणाल्या, "एवढ्या जोरानं कायले वाजवून राहिला बापू? देव काही बहिरा नाही झाला." सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येऊन पेटी पुसताना मी खर्जाची खुंटी आत ढकलली आणि ईस्टरपर्यंत बाहेर काढली नाही. आता दर लेंटला तसंच करतो. पेटीत सुरांचे संच असतात, खर्ज, नर, मादी. त्यातला एकच मोकळा ठेवायचा. झांज बंद. ढोलक भिंतीला टेकवून ठेवायचा. खंजिरी तेवढी चालते, तीही बोटांच्या टोकांनी. खंजिरीला विदर्भात कुणी नाही म्हणू शकत नाही. तुकडोजी महाराजांनी ती अशी काही वाजवली, की इथल्या प्रत्येक पंथाच्या भजनाला तिचा हक्क पोहोचला आहे.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. कॅथलिक चर्चमध्ये तर याचे नियमच आहेत. राखेच्या बुधवारपासून आलेलूया म्हणायचं नाही, ते थेट ईस्टरच्या जागरणाच्या रात्री परत येतं. वाद्य फक्त गाण्याला आधार देण्यापुरतं. वेदीवर फुलं नाहीत. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी गौरवगीताला घंटा वाजतात, त्यानंतर शनिवारच्या रात्रीपर्यंत त्या मुक्या राहतात आणि त्यांच्या जागी लाकडाची टकटकी फिरते. अठराव्या शतकात जर्मनीतल्या लाइपझिग शहरात बाख चर्चचा संगीतप्रमुख होता. तिथेही लेंटच्या आठवड्यांत वाद्यमेळासकट होणारं मोठं गायन बंद असे, मरीयेला मिळालेल्या संदेशाचा सण तेवढा अपवाद. त्या रिकाम्या आठवड्यांच्या शेवटी, १७२७च्या गुड फ्रायडेला, मत्तयाच्या शुभवर्तमानावर रचलेलं त्याचं दुःखसहनाचं संगीत लोकांच्या कानांवर आलं. दोन वाद्यवृंद, दोन गायकवृंद, काही तासांचा पसारा. आपण आज ते कधीही मोबाइलवर लावतो आणि मध्येच भाजी निवडायला उठतो. ज्यांनी कित्येक आठवडे चर्चमध्ये तसलं काहीच ऐकलं नव्हतं, त्यांना पहिल्या सुराला काय झालं असेल याचा अंदाज आपल्याला उपाशी राहिल्याशिवाय यायचा नाही.

मजा अशी, की नागपूरच्या प्रोटेस्टंट मंडळींचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्या घरी लेंटही नव्हता आणि पेटीही नव्हती. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. स्कॉटिश धर्मसुधारकांनी १५६० सालीच सण, उपवासाचे ठरीव दिवस, लेंट, सगळं शास्त्राला सोडून आहे म्हणून काढून टाकलं होतं. आणि हिस्लॉप आले त्या काळी त्यांच्या चर्चमध्ये दाविदाची स्तोत्रं गात, तीही कोणत्याही वाद्याशिवाय. म्हणजे आज आम्ही चाळीस दिवस जे करतो, ते पाहून हिस्लॉपसाहेबांनी बहुधा चष्मा काढून पुसला असता. पण माणूस ऐकणारा होता, हे मला त्यांच्याविषयी फार आवडतं. ते भूगर्भशास्त्रज्ञही होते. कामठीच्या वालुकाश्मातले प्राचीन पानांचे ठसे त्यांनी गोळा केले. आज त्या खडकाच्या थराला सगळीकडे कामठी म्हणूनच ओळखतात. आणि दगडांइतक्याच चिकाटीने त्यांनी गोंडांची गाणी टिपली. लिंगोची दीर्घ कथा, परधान जमातीचे गायक गातात ती, त्यांच्या कागदांत होती. ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी ते कागद संपादून छापले. ज्याच्या स्वतःच्या प्रार्थनेत सारंगी-पेटीला जागा नव्हती, त्याने दुसऱ्याच्या देवाचं गाणं इतक्या मन लावून उतरवून घ्यावं, यात लेंटचं काहीतरी आहे असं मला वाटतं. त्यांना ते मान्य झालं नसतं, ती गोष्ट वेगळी.

लेंट आमच्याकडे आला तो अँग्लिकन बाजूने. ती परंपरा चाळीस दिवस पाळत आली होती. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी लेंट कधी पाळला नव्हता आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तो कधी चुकवला नव्हता, ते एका सतरंजीवर बसू लागले. भांडणं झाली असणारच. सतरंजी एक झाली की चाल कुणाची लावायची, हा प्रश्न येतोच.

चालीबद्दल मला बोलायचंच आहे. आमच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात दोन जातींची गाणी आहेत. एक, इंग्रजी गाण्यांची भाषांतरं, मूळ चालींवर बसवलेली. दुसरी, मराठी वृत्तांत आणि रागांत जन्मलेली. भाषांतरित गाण्यात चाल आधी असते आणि शब्द मागून येऊन बसतात. इंग्रजी चालीचा आघात जिथे पडतो तिथे मराठी शब्दाचं कोणतं अक्षर आलं आहे, हे ती चाल पाहत नाही. त्यामुळे 'देवाच्या' मधल्या 'च्या'वर सगळा जोर जातो, आणि 'ख्रिस्ताने' मधला 'ने' चार मात्रा लांबतो. लहानपणी मला वाटे, की प्रत्ययांना काही विशेष पवित्र अर्थ असावा. तरी मी या गाण्यांना नाक मुरडत नाही. कबरीच्या कडेला उभं राहून जे गाणं चार पिढ्यांनी म्हटलं, ते परकं म्हणायला जीभ धजत नाही. पण पश्चात्तापाच्या दिवसांत, जिथे प्रत्येक शब्द माणसाने स्वतः उचलायचा असतो, तिथे मला ओवी-अभंग हवा असतो.

अभंगाची बांधणीच प्रार्थनेला शिस्त लावणारी. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. तीन पावलं भरदार टाकायची आणि चौथ्याला थांबायचं. त्या चार अक्षरांनंतर जी मोकळी जागा राहते, तिथे माणूस जे म्हणाला ते त्याला ऐकू येतं. मला ही जागा फार मोलाची वाटते, कारण आमच्या घरोघरच्या प्रार्थनांत मोकळी प्रार्थना करायचीही पद्धत आहे, आणि तिथे काही जण फार सराईत झालेले आहेत. ते पाळकांच्या बदलीपासून परदेशातल्या युद्धांपर्यंत सगळं देवाच्या कानावर घालतात. मध्येच शेजारच्याला दोन टोमणेही प्रार्थनेच्या रूपाने मिळतात. बावीस अक्षरांत पाळकांची बदली मावत नाही. तिथे स्वतःपुरतंच बोलावं लागतं.

आणि स्वतःला असं उभं करून विचारायची सवय मराठीला ख्रिस्ती मिशनऱ्यांनी लावली नाही. तुकोबांनी स्वतःची जी हजेरी घेतली आहे, तिच्यापुढे आमची पापांगीकाराची प्रार्थना सौम्य वाटावी. मराठी माणसाला लेंटचा ओळखीचा वास आला तो तिथून. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात 'क्रिस्तपुराण' छापलं ते ओव्यांत. त्यानंतर १६५९ साली फ्रान्सिस्को व्हाझ द गिमाराइश यांनी उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांसाठी ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं पुराण रचलं, तेही ओव्यांत. दोघेही परदेशी पाद्री. पण आपल्या बायामाणसांचं रडू ज्या छंदात येतं तोच त्यांनी धरला.

पुढे हाच धागा ज्यांनी हातात घेतला ते कवी कन्हानवरून गेले आहेत. नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. नागपूरहून पूर्वेकडे जाणारी गाडी कामठी सोडते, कन्हान नदीच्या पुलावर चढते आणि मग पुढे भंडाऱ्याकडे वळते. आजही तीच वाट आहे. त्या प्रवासात डब्यातल्या एका युरोपियन माणसाशी त्यांच्या गप्पा झाल्या, संस्कृत काव्यावर, धर्मावर. उतरण्याआधी त्याने टिळकांना नव्या कराराचं पुस्तक दिलं, ते वाचण्याचं वचन घेतलं, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांनी वचन पाळायचं म्हणून वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मागे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे. मराठीत इतकं हसत-रडत लिहिलेलं दुसरं पुस्तक मला ठाऊक नाही. त्या स्वतः १९०० साली ख्रिस्ती झाल्या, स्वतःच्या पायांनी चालत, नवऱ्याच्या मागे फरफटत नव्हे. टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' नंतर त्यांनीच पुढे नेलं.

टिळक म्हणत, की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामांच्या पुलावरून. रेल्वेच्या फाटकाशी मालगाडी जाईपर्यंत खोळंबून उभा असलो, की मला हे वाक्य आठवतं. 'उपासना संगीत' उघडलं की पानामागून पान टिळकांची गाणी येतात. आमच्या मंडळीतल्या अर्ध्या लोकांना ती कुणाची हे ठाऊकही नाही, आणि मला वाटतं टिळकांना ते आवडलं असतं. त्यांच्याआधीही अहमदनगरकडे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारखे लोक ख्रिस्ती कीर्तनं रचत होते, दिंडी-साकी म्हणत होते. पण ख्रिस्ताला घरातल्या माणसासारखी हाक मारणं, त्याच्यावर रुसणं, त्याला आई म्हणणं, हे टिळकांनी गाण्यात आणलं. ते मंडळीच्या तोंडी बसायला वेळ लागला नाही, कारण विठोबाशी असं बोलायची सवय जिभेला होतीच.

तर लेंटमध्ये रोज संध्याकाळी आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो. खाणीचे क्वार्टर, रेल्वेचे क्वार्टर, टेकाडीकडची नवी घरं. दहा-बारा गाणी ठरलेली. चाळीस दिवस तीच. सुरुवातीला मला याचा कंटाळा यायचा. पेटीवाल्याला नवीन गाणं बसवण्याची हौस असते, तोच तोच भैरवीचा उतार रोज वाजवायचा म्हणजे बोटं गंजतात असं वाटतं. पण तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडते. पुस्तकं मिटतात. कुणी ठरवून मिटत नाही. शब्द पाठ झालेले असतात, हात आपोआप पुस्तक मांडीवर ठेवतो. आणि पानावरून उठलेली नजर समोरच्या माणसावर जाते. कोण खंगलं आहे, कोण आज गात नाही, कुणाच्या सुनेने डोळे पुसले, हे तेव्हा दिसतं. प्रार्थना संपल्यावर मग चपला शोधताना कुणीतरी कुणाला हळूच विचारतं, "काय झालं वं बाई?" त्यातून दवाखान्याची सोबत ठरते, फीचे पैसे जमतात. प्रवचनातून इतकं झालेलं मी पाहिलेलं नाही. पाळकसाहेब हे वाचतील, पण ते समजूतदार आहेत.

वाद्यं कमी केली की आणखी एक गोष्ट उघडी पडते. आमच्यात एक गृहस्थ आहेत, मनापासून गाणारे आणि मनापासून बेसूर. वर्षभर ढोलक-झांजेत त्यांचा आवाज बुडून जातो. लेंटमध्ये बुडवायला काही नसतं. प्रत्येक चरणाच्या शेवटी ते अर्धा सूर खाली उतरतात आणि तिथेच समाधानाने थांबतात. मी आधी पेटीचा भाता जोरात हलवून त्यांना वर ओढायचा प्रयत्न करीत असे. मग आजींचं ते वाक्य आडवं आलं. आता एकच संच उघडा, आवाज हळू, आणि कान त्यांच्यापासून हलत नाही. मटण मी तसंही फार खात नाही, चहा सोडून पाहिला तर डोकं दुखतं. ह्यांचा सूर ऐकून घेणं हा माझा उपवास. देवापुढे कोण सुरात आहे, असा तात्त्विक प्रश्न विचारून मी स्वतःची समजूत काढत नाही. बेसूर तो बेसूर. पण कोणत्या तरी संध्याकाळी लक्षात येतं, की आज आपल्याला राग आलाच नाही. आत्मिक वाढ म्हणतात ती मोजायची झाली तर माझ्याकडे एवढंच माप आहे, आणि ते दरवर्षी पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन बसायचं. एप्रिलच्या मध्यात आलेला गुड फ्रायडे म्हणजे पारा चाळिशीपार, पंखे आग ओतणारे, आणि वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते, सात गाणी. ही तीन तासांची उपासना मुळात आमची नव्हे, स्कॉटलंडची नव्हे, इंग्लंडचीही नव्हे. दक्षिण अमेरिकेत पेरूच्या लिमा शहरात १६८७ साली मोठा भूकंप झाला. त्यानंतर अलोन्सो मेसिया नावाच्या जेझुइट पाद्रीने ती सुरू केली. तिथून ती स्पेनला गेली, आणि कादिस गावातल्या चर्चने संगीतकार हायडनला त्यासाठी संगीत रचायला सांगितलं. हायडनने नंतर लिहून ठेवलं आहे, की तिथे भिंती, खिडक्या, खांब काळ्या कापडाने झाकत, मध्यभागी एकच मोठा दिवा लावत आणि भर दुपारी दारं बंद करत. धर्मगुरू एक उद्गार सांगे, त्यावर बोले, मग गुडघे टेके, आणि तेवढा वेळ वाद्यं वाजत. म्हणून हायडनला एकापाठोपाठ सात संथ रचना कराव्या लागल्या, ऐकणारा कंटाळू नये अशा. ते सोपं नव्हतं असं तो स्वतःच म्हणतो. पेटीवाला या नात्याने मी याला दुजोरा देतो. सात संथ गाणी, उकाडा, उपाशी माणसं. चौथ्या उद्गारापर्यंत मुलं पेंगतात, पाचव्याला, तहानेच्या उद्गाराला, नेमका कुणीतरी पाण्याची बाटली उघडतो आणि तो आवाज सगळ्या मंडळीला ऐकू येतो. काळं कापड लावायची आम्हाला गरज पडत नाही. बाहेरचं ऊनच असं असतं, की खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

मग शनिवार येतो. धर्मशास्त्राप्रमाणे हा दिवस कबरीचा, काही न करण्याचा. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ईस्टरची उपासना असते आणि गाणी बसवायची राहिलेली असतात. त्यामुळे ख्रिस्त उठायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तो उठल्याची गाणी चार-चार वेळा म्हणतो. एका पाळकांना हे खटकायचं. ते दाराशी येऊन म्हणायचे, निदान हालेलूया तरी उद्यासाठी ठेवा. पण गाण्याचा उभारच त्या शब्दावर, तो वगळून तालीम कशी करायची? मग आम्ही त्या जागी नुसतं 'आ' म्हणून पाहिलं. ते इतकं विनोदी झालं, की पाळकच हसत निघून गेले.

या तालमीला खर्जाची खुंटी बाहेर येते, ढोलकाच्या वाद्या आवळल्या जातात, झांजा सापडत नाहीत म्हणून शोधाशोध होते. तरण्या पोरांना केरवा दुगुनीत हवा असतो, आजींना तो जागच्या जागी हवा असतो, आणि कीबोर्डवाल्या मुलाला दोघांचंही ऐकायचं नसतं. सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असतात ते आमचे बेसूर गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, हातात पुस्तक, ते उघडायची गरज नसताना उघडलेलं. मी काळी चार धरून सूर देतो. ते मान हलवतात आणि म्हणतात, "भाऊ, थोडं वर घ्या नं, मंग मजा येते." त्यांना तो सूर लागणार नाही, हे त्यांच्याखेरीज खोलीतल्या सगळ्यांना माहीत असतं. मी काळी पाच धरतो.